गिधाडाची काटकसर

पक्ष्यांची सकाळ म्हटली की किलबिल आणि लगबग आठवते. गिधाडाच्या सकाळीत यातले काहीच नसते. चांगले ऊन पडले तरी ते कड्याच्या कपारीत किंवा उंच झाडावर पंख पसरून बसलेले असते. हा आळस म्हणावा, तर तो फार हिशेबी आळस आहे. एवढे जड शरीर पंखांच्या बळावर उचलणे त्याला परवडत नाही, म्हणून जमीन तापून गरम हवा वर चढू लागेपर्यंत ते थांबते आणि मग त्या हवेवर स्वार होऊन घिरट्या घालत वर जाते. दक्षिण अमेरिकेतले काँडोर तसे वेगळ्या कुळातले, पण त्याच बाण्याचे. त्यांच्या अंगावर नोंदयंत्रे बसवून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे पक्षी उड्डाणाच्या वेळेपैकी जेमतेम १ टक्का वेळ पंख मारताना आढळले, आणि एकाने तर पाच तासांहून अधिक काळ एकदाही पंख न मारता सुमारे १७२ किलोमीटर अंतर कापले. उंचीचे म्हणाल, तर १९७३ मध्ये आयव्हरी कोस्टच्या आकाशात सुमारे ११,३०० मीटरवर एक रूपेल गिधाड विमानावर आदळले होते.

शोधाशोधीतही हीच काटकसर दिसते. आशिया, आफ्रिका आणि युरोपातल्या गिधाडांची सारी भिस्त नजरेवर असते, आणि ती नजर जमिनीइतकीच शेजाऱ्यावरही असते. एक खाली झेपावले की दूर घिरट्या घालणारे दुसरे ते हेरते, दुसऱ्याला पाहून तिसरे वळते, आणि मघाशी रिकाम्या दिसणाऱ्या आकाशातून बघता बघता थवा उतरतो.

जमिनीवर मात्र सगळा डौल ओसरतो. अर्धवट पंख उघडून, मान खाली घालून ते उड्या मारत येते, फिसकारते, शेजाऱ्याला ढुशी देते. तरीही या गर्दीत एक प्रकारची पंगत असते, असे माझे मत आहे. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात दणकट चोचीचे मोठे गिधाड जाड कातडे फाडते. लांब, उघड्या मानेची गिधाडे आत डोके घालून मऊ मांस ओरपतात, आणि त्यासाठी त्यांच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. बारीक चोचीची लहान गिधाडे उरलेसुरले टिपतात. हाडेही वाया जात नाहीत. दाढीवाले गिधाड मोठे हाड पायांत धरून उंच नेते, खडकावर टाकते, फुटले नाही तर पुन्हा उचलते. त्याच्या आहाराचा बहुतेक भाग हाडांचाच असतो. ज्या सडक्या मांसाने इतर प्राणी आजारी पडतील, ते गिधाडाच्या जठरातल्या अतितीव्र आम्लामुळे सहज पचते. पोटभर जेवल्यावर गळ्याखालची अन्न साठवण्याची पिशवी इतकी फुगते की उडणे जड जाते; अशा वेळी कोणी अंगावर आले, तर खाल्लेले ओकून हलके होणे हा त्याचा उपाय. दिसायला ओंगळ, पण मला त्यात व्यवहार दिसतो.

विणीतही हात आखडताच. बहुतेक मोठ्या जाती वर्षाला एकच अंडे घालतात. नर आणि मादी ते आळीपाळीने सुमारे दीड-दोन महिने उबवतात, आणि पिल्लू स्वतः वीण करण्याजोगे व्हायला काही वर्षे जातात. दीर्घायुषी पक्ष्याला हे पुरते, पण मोठ्या संख्येने प्रौढ पक्षी मरू लागले की हीच रीत त्याच्या मुळावर येते. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा अंश मृत शरीरातून गिधाडांच्या पोटात गेला आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. भारत, पाकिस्तान आणि नेपाळ यांनी २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. ती अगदी काटेकोर पाळली गेली, तरी वर्षाला एक अंडे घालणारा पक्षी ही तूट त्याच चालीने भरून काढणार, त्याहून लवकर नाही.