शहराबाहेरच्या गावाची हवा आणि तिचे ऋतू

शहरापासून काही अंतरावर, थोडी शेती आणि थोडी नवी वस्ती असलेल्या निमग्रामीण गावात राहायला जाताना चांगली हवा मिळेल, ही आशा बहुतेकांच्या मनात असते. वर्षभराची सरासरी पाहिली, तर अनेक ठिकाणी ती खरीही ठरते. परंतु अशा गावाच्या हवेला स्वतःचे ऋतुचक्र असते, आणि शहरातल्या मोजणी केंद्राचा आकडा पाहून ते कळत नाही, हे पुरेशा गांभीर्याने बोलले जात नाही असे मला वाटते.

थंडीपासून सुरुवात करू. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन वेगाने थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. उन्हाळ्याच्या दुपारी जो धूर एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळून विरळ होतो, तो अशा रात्री जमिनीपासून शंभर-दोनशे मीटरांतच, कधी त्याहूनही कमी उंचीत, कोंडून राहतो. गाव खोलगट भागात किंवा दरीत असेल, तर परिस्थिती आणखी बिकट होते. म्हणून गावातली वाहने थोडी असली, तरी शेकोट्या, चुली, पेटवलेला पालापाचोळा आणि जाळलेला कचरा एवढ्यावरही सूक्ष्म कणांचे प्रमाण शहराच्या बरोबरीला येऊ शकते. अमेरिकेतील डोनोरा या नदीखोऱ्यातल्या छोट्या औद्योगिक गावात १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये अशीच हवा काही दिवस कोंडली, तेव्हा जस्ताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांच्या धुराने वीस माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. गाव लहान असल्याचा त्यांना काहीही उपयोग झाला नाही.

याच ऋतूत शहर आणि शेती मिळून एक प्रदूषक तयार करतात, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. शेणखतातून आणि युरियातून अमोनिया सुटतो, शहरी वाहनांच्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून नायट्रिक आम्ल बनते, आणि दोन्ही एकत्र येऊन अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण तयार होतात. थंड व दमट हवेत ते टिकतात, उष्णतेत त्यांचे पुन्हा वायूंत रूपांतर होते. त्यामुळे दोष शहराचा की गावाचा, या वादाला येथे अर्थ उरत नाही.

उन्हाळ्यात चित्र पालटते. कण कमी होतात, आकाश स्वच्छ दिसते आणि नेमका तेव्हाच ओझोन वाढतो. हा वायू कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. नायट्रोजन ऑक्साइड आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे (म्हणजे सहज वाफ होऊन हवेत मिसळणारी कार्बनी रसायने) यांच्यावर तीव्र ऊन पडले की तो हवेतच तयार होतो. भर शहरात वाहनांतून नुकताच निघालेला नायट्रिक ऑक्साइड त्यातला बराचसा ओझोन नष्ट करतो. मात्र शहराची हवा वाऱ्याबरोबर बाहेर सरकते, तेव्हा वाटेत ओझोन बनत राहतो आणि त्याला खाणारा वायू विरळ होत जातो, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेला असलेल्या गावात दुपारनंतरचा ओझोन शहरापेक्षाही जास्त भरू शकतो. उष्ण दिवसांत अनेक झाडे आयसोप्रीन नावाचे असेच एक संयुग सोडतात आणि तेही या क्रियेत भाग घेते. अर्थात हा झाडे तोडण्याचा युक्तिवाद मुळीच नाही, कारण कमी करायचे आहेत ते नायट्रोजन ऑक्साइड. ओझोनने श्वासनलिकांचा दाह होतो, दमा बळावतो, आणि गहू, सोयाबीन यांसारख्या पिकांचे उत्पन्नही घटते.

पावसाने दिलासा मिळतो, तरी तो धुऊन नेतो ते प्रामुख्याने जाड धुळीचे कण. सर्वांत बारीक कणांवर त्याचा परिणाम कमी होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी (म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान सूक्ष्म कणांसाठी) चोवीस तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, तर ओझोनसाठी आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम सुचवली. गावात बसवले जाणारे स्वस्त सेन्सर बहुधा केवळ कण मोजतात, तेही प्रकाशाच्या विखुरण्यावरून. धुक्यात कण ओलाव्याने फुगतात आणि आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. ते जरूर बसवावेत, पण ओझोन मोजणारे निदान एक यंत्र अशा प्रत्येक पट्ट्यात असावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

तोवर वेळ तरी सांभाळता येते. थंडीत मुलांचे मैदानी खेळ आणि वृद्धांचे फिरणे पहाटेऐवजी ऊन चढल्यावर ठेवावे, कारण तोपर्यंत कोंडलेला थर सुटलेला असतो. उन्हाळ्यात मात्र तेच सकाळी लवकर उरकावे आणि दुपारनंतर टाळावे. कणांसाठीचा साधा मास्क ओझोन अडवत नाही, तेव्हा त्या वेळी दमेकऱ्यांनी खिडक्या लावून घरात थांबणे अधिक उपयोगी पडते.