दोन खुर्च्या आणि त्यांवरची नावे

साताऱ्याजवळच्या आमच्या गावात सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाले, तेव्हा माझ्या काकींचे नाव पुढे आले. ते आमच्या वस्तीत ठरले नव्हते. वरच्या आळीतील एका वाड्याच्या सोप्यात ठरले आणि मग आम्हाला कळवण्यात आले. पाच वर्षे ध्वजारोहण काकींच्या हस्ते झाले, सह्याही त्यांनीच केल्या. मात्र ग्रामसेवक दप्तर घेऊन आधी वाड्यावर जात आणि त्यानंतर आमच्या दारात येत. नळाची वाहिनी कोणत्या गल्लीतून न्यायची, हे त्या पहिल्या मुक्कामातच ठरलेले असे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय मतदारांचा इतिहास वाचताना मला काकींची ती पाच वर्षे आठवत राहतात. 1962 मध्ये मतदार नोंदणीसाठी गेल्या म्हणून फॅनी लू हेमर या कृष्णवर्णीय शेतमजूर स्त्रीला मिसिसिपी राज्यातील मळ्यावरचे काम आणि घर गमवावे लागले; पुढच्या वर्षी तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली. ऑगस्ट 1964 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटी येथील अधिवेशनात त्यांनी ही हकिकत सांगितली आणि केवळ गोऱ्यांच्या अधिकृत शिष्टमंडळाऐवजी आपल्या मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीला मान्यता मागितली. पक्षाने दोन जागा देऊ केल्या आणि त्या दोन जागांवर कोण बसेल, तेही स्वतःच ठरवले. त्यांत हेमर नव्हत्या. शिष्टमंडळाने तो देकार नाकारला. मला त्यात सर्वांत जास्त खुपते ती जागांची संख्या नव्हे, तर नावे निवडण्याचा हक्क राखून ठेवण्याची वृत्ती.

पुढच्याच वर्षी मतदान हक्क कायदा झाला आणि त्याने लाखो लोकांना मतपेटीपर्यंत नेले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. 1968 च्या अधिवेशनात हेमर प्रतिनिधी म्हणून बसल्याही. तरी याच मिसिसिपीने 1870 मध्ये हायरम रेव्हल्स आणि 1875 मध्ये ब्लँच ब्रूस हे कृष्णवर्णीय सिनेटर रिपब्लिकन पक्षातर्फे पाठवले होते. 1877 मध्ये त्या पक्षाने दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना असलेले केंद्रीय सैन्याचे संरक्षण काढून घेतले आणि 1881 मध्ये ब्रूस यांची मुदत संपल्यानंतर तेथून आजवर एकही कृष्णवर्णीय सिनेटर झालेला नाही. राज्याची एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या कृष्णवर्णीय असताना ही स्थिती आहे.

ज्यांचे बालपणीचे काही शिक्षण आमच्याच साताऱ्यात झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपली नावे दुसऱ्यांनीच ठरवण्याची ही अडचण फार आधी ओळखली होती. 1932 च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांसाठीच्या राखीव जागा 148 केल्या, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. त्याच करारात आणखी एक तरतूद होती: प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी आपापसांत मतदान करून चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतूनच सर्वांनी एकाला निवडून द्यायचे. म्हणजे नावे वस्तीतून यायची. ही व्यवस्था मर्यादित मुदतीची होती. आजच्या राखीव जागांना ती जोडलेली नाही, आणि माझ्या मते तेथेच वाड्याच्या सोप्याला वाव मिळाला.

आता सरपंचपदाची पुढची सोडत निघण्यापूर्वीच आमच्या समाजमंदिरात बैठक घ्यावी आणि चार नावे वस्तीनेच लिहून ठेवावीत, असा आग्रह मी तरुण मुलांकडे धरला आहे. पहिल्या बैठकीला काकी येणार आहेत.