कट्ट्याची उंची

“बागेत बारा बाक टाकले, चांगले महागाचे. तरी लोक फाटकाच्या पायरीवरच जाऊन बसतात. असं का?” कधी सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, कधी नगरसेवक. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

पायरीवरून येणारी-जाणारी माणसं दिसतात आणि बाकावरून कुंपणाची भिंत. निम्म्या वेळा उत्तर एवढंच असतं. (देणगीदाराचं ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ रस्त्यावरून वाचता यावं म्हणून फिरवलेले बाक हा आणखी वेगळा विषय.)

दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा बघा. मैदान १९२५ सालचं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. भोवतीचा सुमारे १.१७ किलोमीटरचा कट्टा म्हणजे खरं तर ठेंगणं कुंपण. आत तोंड करून बसलं की क्रिकेट, बाहेर तोंड केलं की फेऱ्या मारणारी मंडळी. बाक मात्र तोंड कुठे करायचं ते आधीच ठरवून टाकतो, आणि शेजाऱ्यापासून किती अंतरावर बसायचं तेही. तिघांच्या बाकावर एक अनोळखी माणूस बसला की बाक भरला. कट्ट्यावर एकट्या म्हाताऱ्या माणसाला कोणाशी चकार शब्द न बोलता दोन तास माणसांत बसता येतं. संध्याकाळी घरी जाताना त्याचा चेहरा जरा सैल झालेला असतो तो त्यामुळे.

आता मापं. उंची ४३ ते ४५ सेंटिमीटर. ३५च्या खाली गेली की गुडघेदुखीवाल्यांना उठवत नाही, ५०च्या वर गेली की बुटक्या बायकांचे पाय लोंबकळतात. एका बाजूने बसायला रुंदी ४० पुरते, पण आपल्याकडे मांडी घालून बसतात, डबा मध्ये ठेवतात; म्हणून ७५ तरी धरा. कट्ट्याच्या पायाशी ८ ते १० सेंटिमीटर खाच हवी. माणूस उठताना टाचा मागे घेतो. सरळसोट भिंतीला त्या अडतात आणि उठणं जड जातं. नकाशावर ही खाच दाखवलेली असते, साइटवर गवंडी ‘कशाला उगाच’ म्हणून बुजवतो. तिथे उभं राहा. वर ५० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार द्या, नाहीतर पावसाळाभर पाणी साचून राहील आणि लोक पिशवी अंथरून बसतील. कडा गोल करून घ्या, धारदार कड मांडीला रुतते.

पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट दिसतो झकास, पण मे महिन्यात दुपारी चारला त्यावर हात टेकून पाहा. स्टीलचंही तेच. खरबरीत कोटा किंवा शहाबादी फरशी लावा आणि मुख्य म्हणजे सावली बघा. संध्याकाळी बसणाऱ्यांसाठी जागा झाडाच्या पूर्वेला हवी, सकाळच्यांसाठी पश्चिमेला. झाडाभोवती पार बांधत असाल तर बुंध्यापासून किमान एक मीटर माती सर्व बाजूंनी उघडी ठेवा. सिमेंटने गळा आवळला की झाड वाळतं आणि सावलीच जाते. गोल पारावर सगळ्यांची एकमेकांकडे पाठ होते. अनोळखी लोकांना ते सोयीचं, पण गप्पांसाठी काटकोनात वळलेला कोपराच हवा.

काही जागा पाठ टेकायच्या आणि हात असलेल्या ठेवाच, हात बैठकीपासून १८ ते २० सेंटिमीटर वर. कट्टा कितीही आवडला तरी सत्तरीनंतर पाठीला आधार लागतो.

आणि हे सगळं बांधण्याआधी वीसेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या भाड्याने आणून आठवडाभर मोकळ्या सोडा. सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला जाऊन लोकांनी त्या कुठे ओढून नेल्यात, कुठे तोंड करून ठेवल्यात ते पाहा आणि त्या जागी चुन्याने खुणा करा. ठेकेदाराला नकाशा त्यानंतर द्या.