अस्तराची बाजू

आठवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मला भाड्याने आणलेला जरीचा अंगरखा मिळाला होता. दिव्यांच्या झोतात तो बाहेरून असा झगमगत होता की आईलाही मी क्षणभर ओळखू आलो नाही. पण आतल्या अस्तरावर कुणा अनोळखी मुलाच्या घामाचा पिवळट नकाशा उमटला होता आणि गळपट्टीवर शाईने लिहिलेली दोन आडनावे खोडून त्यांच्याखाली तिसरे लिहिलेले होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीच्या रशियन बॅलेचे पोशाख मोठे करून पाहताना मला हटकून तो अंगरखा आठवतो. तिथेही काखेतले डाग आहेत, घाईने घातलेले टाके आहेत, डागडुजी आहे आणि आतल्या बाजूला नर्तकांची नावे आहेत.

हे पोशाख सर्गेई दियागिलेव या रशियन संयोजकाच्या 'बॅले रूस' या मंडळीचे. मे 1909 मध्ये पॅरिसच्या शातले नाट्यगृहात या मंडळीचा पहिला हंगाम झाला आणि त्यानंतर वीस वर्षे युरोपातल्या शौकिनांना तिचे वेड होते. त्याआधीच्या बॅलेत कथा इजिप्तमध्ये घडो की स्पेनमध्ये, नायिकेच्या कमरेला कॉर्सेट आवळलेले आणि भोवती जाळीदार टूलचा झगा फुललेला, हे बहुधा ठरलेलेच असे. फार तर त्या झग्यावर चार इजिप्शियन नक्षी चिकटवल्या जात. नृत्यरचनाकार मिखाईल फोकिन याला हे पटत नव्हते. अनवाणी पायांनी आणि सैल अंगरख्यात नाचणारी इसाडोरा डंकन रशियात येऊन गेली, तेव्हा त्याच्या म्हणण्याला आणखी बळ मिळाले.

पण खरा उत्पात केला तो लिओन बाक्स्ट या चित्रकाराने. 4 जून 1910 रोजी पॅरिसच्या ऑपेरात 'शेहेराझाद' हा बॅले सादर झाला, तेव्हा पडदा वर जाताच हिरव्या, निळ्या आणि नारिंगी रंगांचा जनानखाना दिसला आणि त्यात सुटलेल्या कमरेच्या, सैल तुमानी घातलेल्या स्त्रिया होत्या. बाक्स्टची रेखाटने पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते: त्यातला पोशाख खुंटीला टांगल्यासारखा कधीच नसतो. अंग पिळवटलेले असते, ओढणी हवेत असते, मोत्यांचे सर कलंडलेले असतात. कापड स्थिर असताना कसे दिसेल याची त्याला फिकीरच नव्हती. म्हणून तर संग्रहालयातल्या काचेआड उभे केलेले ते पोशाख काहीसे पोरके वाटतात; जवळून पाहिले तर जे भरतकाम वाटले होते ते पुष्कळदा नुसते रंगवलेले किंवा साच्याने छापलेले निघते. विसाव्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी केलेले काम विसाव्या रांगेतूनच पाहावे.

पॅरिसच्या धनिक स्त्रियांनी मात्र ते अंगावर घ्यायचे ठरवले. आपल्याकडे याच सुमारास बालगंधर्वांच्या साड्यांची आणि गजऱ्यांची नक्कल घराघरांत होऊ लागली होती, त्यामुळे रंगमंचावरचे वस्त्र प्रेक्षागृहात उतरते याचे मराठी माणसाला फारसे नवल वाटू नये. पॅरिसमध्ये त्या लाटेवर सर्वांत उंच बसला तो पोल प्वारे हा वेशभूषाकार. आपण बाक्स्टचे काहीही उचललेले नाही, असे तो पुढे ठासून सांगत राहिला. कॉर्सेटला तर त्याने आधीच रजा दिली होती, हे खरे. फेट्यांसाठी त्याने लंडनच्या त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले भारतीय फेटे पाहिले आणि आपल्या कर्मशाळेतल्या मुख्य कारागीर बाईला ते अभ्यासायला तिथे धाडले. जून 1911 मध्ये त्याने 'एक हजार दुसरी रात्र' नावाची मेजवानी दिली. पौर्वात्य वेश करून न आलेल्या पाहुण्यांना तिथे वेश बदलावा लागे किंवा परत जावे लागे, आणि खुद्द प्वारेची पत्नी देनीझ तुमान व तारेने फुगवलेला, दिव्याच्या शेडसारखा आखूड झगा घालून सोनेरी पिंजऱ्यात बसली होती.

यातली गंमत मला त्या पिंजऱ्यापेक्षाही दुसरीकडे दिसते. याच प्वारेने याच सुमारास घोट्याजवळ इतका अरुंद घागरा रूढ केला की गुराला पायबंद घालावा तशी बाईची पावले वीतभर अंतरावर अडखळू लागली. ज्या पोशाखाचा जीव उडीत आणि गिरकीत होता, त्याच्या छायेत वाढलेल्या फॅशनमध्ये धड चालताही येऊ नये! सुटकेची गोष्ट कमरेपाशी थांबली, पायापर्यंत पोहोचलीच नाही.

बाक्स्टच्या पूर्वेत आपणही होतो, हे सांगायला हवे. 1912 च्या 'निळा देव' या बॅलेत मंडळीचा प्रमुख नर्तक वास्लाव निजिन्स्की अंगाला निळा रंग फासून, टोकदार मुकुट आणि घेरदार सोनेरी अंगरखा घालून उभा राहिला. भारत म्हणून जे काही दाखवले होते त्यात सयामच्या नर्तकांचा अंश मोठा होता. प्रयोग पडला, पोशाख टिकले. खऱ्या भारताशी गाठ पडली ती अ‍ॅना पावलोवा या रशियन नर्तकीची. तिने 1923 मध्ये लंडनमध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बेतलेला बॅले केला आणि त्याच वर्षी तरुण उदय शंकर तिच्यासोबत कृष्ण म्हणून नाचले.

पोशाख नर्तकांना सुखाचे होते असे मात्र समजू नये. 1913 च्या 'वसंतविधी' या बॅलेसाठी निकोलाय रोरिख या चित्रकाराने जाड लोकरीचे, रंगवलेले झगे दिले. रशियातला वसंत थंड असेलही, पण मे महिन्यातल्या पॅरिसच्या दिव्यांखाली त्यात नाचणारे अक्षरशः शिजत होते. पुढे 1924 मध्ये 'निळी आगगाडी' या बॅलेसाठी कोको शानेल या फ्रेंच फॅशनकर्तीने उलटा प्रवास केला: समुद्रकिनाऱ्यावरचे विणलेले पोहण्याचे कपडे तिने थेट रंगमंचावर चढवले. त्यातली नर्तकी लिडिया सोकोलोव्हा हिच्या गुलाबी पोशाखाला जोडीदाराच्या हाताची पकड नीट बसेना, आणि कानांतली तेव्हाच्या फॅशनची मोठी मोत्यांची कुडी इतकी जड होती की तिला संगीत ऐकायला त्रास होई. रंगमंचाने फॅशनला दिलेले उसने फॅशनने असे परत केले.

1929 मध्ये व्हेनिसमध्ये दियागिलेव वारला. पोशाख पुढे दुसऱ्या मंडळ्यांच्या अंगावर चढले, नवी नावे लागली, टाके पडले आणि अखेर ते पेट्यांत बंद झाले. 1968 मध्ये लंडनमध्ये त्यांचा लिलाव झाला, तेव्हा ते हँगरला लटकवून दाखवले नाहीत. बॅलेच्या शाळेतली मुले-मुली ते अंगावर घालून रंगमंचावर आली. त्यातल्या कुणाच्या तरी मानेला आतली शाई लागली असेल, असे मला उगीच वाटते.