रिकामा कप

"प्यायलात? आता रिकामा कप हुंगा."

चीनमधल्या वुईशानच्या एका लहानशा चहाच्या दुकानात, दुकानवाल्या मावशींचं हे वाक्य फोनने भाषांतर करून ऐकवलं आणि कप खाली ठेवता ठेवता माझा हात थांबला.

चहा होता जिन जुन मेई. इथल्याच डोंगरातल्या थोंगमू गावात २००५ साली पहिल्यांदा बनलेला. यात मोठी पानं नसतातच, नुसते कोवळे कोंब. अर्ध्या किलोला हजारो कोंब खुडावे लागतात. काळ्यावर सोनेरी लव असलेले, भुवईसारखे बारीक.

मावशींनी झाकणाच्या वाटीत चिमूटभर टाकले, पाणी ओतलं आणि काही सेकंदांत गाळूनही घेतलं. दूध नाही, साखर नाही. रंग थेट मधाचा. चीनमध्ये अशा 'ब्लॅक टी'ला काळा नाही, लाल चहा म्हणतात, ते कपात बघून पटलं.

आणि तो रिकामा कप! तळाशी आधी मधाचा वास, मग भाजलेल्या रताळ्याचा. एकादशीला आई चुलीच्या राखेत भाजायची ना, अगदी तसा. कप गार होत गेला तसा वास अजून गोड होत गेला. मी कितीतरी वेळ तो नाकाशी धरून बसले होते.

आलं घालून उकळलेला आपला चहा मला जिवापाड आवडतो, तो काही सुटायचा नाही. पण दिवसातून तीनदा चहा पिऊनही त्या पानाचा स्वतःचा वास कसा असतो, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

तुम्ही बघितलाय?