रफू केलेला स्वेटर आणि चहाची बरणी

ऑक्सफर्डला पोचले त्या संध्याकाळीच धाकट्या बहिणीने विचारलं, "ताई, उद्या काय बघायचं? कॉलेजं की म्युझियम?" मी म्हटलं, "ती आहेतच. आधी तुझी दुकानं दाखव."

तिची दुकानं म्हणजे चॅरिटी शॉप्स. गेली सहा वर्षं दर रविवारच्या फोनवर मी त्यांच्याबद्दल ऐकत होते. आज दोन पौंडांना लोखंडी तवा मिळाला, आज पडद्यांचं सुती कापड मिळालं, आज मुलासाठी गोष्टींची दहा पुस्तकं. तिचा निम्मा संसार त्या दुकानांतून उभा राहिलाय. मला तिकिटाचे पैसे साठवताना कॉलेजांचे मनोरे दिसायचे हे खरं, पण त्याहून जास्त ती दुकानं दिसायची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लोक घरातल्या वापरलेल्या, पण धडक्या वस्तू आणून देतात. दुकानात बहुतेक जण विनामोबदला काम करतात. विक्रीतून जे उरतं ते त्या त्या संस्थेच्या कामाला जातं. एक दुकान कर्करोगाच्या संशोधनासाठी, दुसरं हृदयविकारासाठी, तिसरं आजारी मुलांच्या हॉस्पिससाठी (बरं न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेतात ती जागा), चौथं भटक्या मांजरांसाठी. ब्रिटनभर अशी दहा हजारांच्या आसपास दुकानं आहेत, आणि ती कुठल्या बोळात नसतात, भर बाजारपेठेत बँक आणि बेकरीच्या शेजारी असतात.

पहिल्या दिवशी बसने समरटाउनला गेलो. बॅनबरी रोडवरचा हा शहराच्या उत्तरेचा भाग. बहिणीचा एक ठाम सिद्धांत आहे, जशी वस्ती तसं दुकान. आजूबाजूला प्राध्यापकांची मोठाली विटांची घरं. कुणी म्हातारपणी लहान घरात जातं, कुणाचं घर मुलं येऊन रिकामं करतात, आणि मग पुस्तकं, चिनी मातीची भांडी, अस्सल लोकर असं सगळं इथे येतं. काउली रोडला विद्यार्थी जास्त, म्हणून जूनमध्ये खोल्या सोडायच्या वेळी ताटल्या, पातेली आणि टेबललॅम्प हवे असतील तर तिकडे जायचं. सोमवारी-मंगळवारी जावं, कारण शनिवार-रविवारी लोक घरं आवरतात, हाही तिचाच नियम.

दुकानात शिरल्यावर वाफेने इस्त्री केलेल्या कपड्यांचा उबदार वास आला. मागच्या खोलीत कुणीतरी फुसफुसत्या यंत्राने सदरे सरळ करत होतं. हँगरवर कपडे रंगांप्रमाणे लावलेले. बहीण म्हणाली, "डोळ्यांनी शोधू नकोस, हात फिरव." ते मला शिकवायची गरज नव्हती. आई साडीच्या दुकानात गाठोडं सोडायला लावून नुसता तळहात फिरवायची आणि सुतात भेसळ आहे का ते सांगायची. मी तसाच हात फिरवत निघाले. ॲक्रिलिक, ॲक्रिलिक, पॉलिस्टर, पुन्हा ॲक्रिलिक. ते हाताला कसं कोरडं लागतं, किंचित करकरतं. आणि मग एका जागी हात थांबला.

शेवाळी रंगाचा लोकरीचा स्वेटर. वेणीची वीण, कॉलरपाशी लाकडी बटणं. आत कंपनीची पट्टी नव्हती, म्हणजे घरी विणलेला. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला तेव्हा डाव्या कोपरावर रफू दिसलं. जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं. लोकर जरा गडद, कारण तीच छटा मिळाली नसणार. आधी उभे धागे घातलेले, मग त्यांच्यातून एक वर एक खाली असे आडवे ओवलेले, मागावर विणतात तसे. कडेला भोकाच्या बाहेर चार-पाच टाके जास्त घेतलेले, म्हणजे जोर पडला तरी नवी जागा फाटू नये. उलट करून बघितलं तर कुठेही गाठ नव्हती, टोकं आतल्या आत जिरवलेली. माझी आई बाबांच्या ऑफिसच्या पँटींना असं रफू करायची, रात्री रेडिओ लावून. इतकं सुबक काम मी तिच्यानंतर पहिल्यांदा बघत होते.

किंमत सात पौंड, म्हणजे आपले साधारण आठशे रुपये.

मी तो हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. पैशांचा प्रश्न नव्हता. आमच्या घरी गेलेल्या माणसाचे कपडे बाहेर देतात, बाहेरून आत आणत नाहीत. आजीने हे कधी शब्दांत सांगितलं नव्हतं, पण ते हाडात मुरलेलं असतं. हा स्वेटर कुणाचा? ती बाई असेल का अजून? बहिणीला हे प्रश्न आता पडत नाहीत. मला पडले, आणि ते चुकीचे आहेत असं मला अजूनही वाटत नाही. पण त्या रफूकडे बघून मी निर्णय घेतला. ज्याने एवढ्या मायेने कोपर सांधलं, त्याला हा स्वेटर टिकावा असंच वाटत असणार.

काउंटरवर सत्तरी ओलांडलेल्या बाई होत्या, आठवड्यातून दोन दिवस येतात म्हणाल्या. त्यांनी किमतीच्या चिठ्ठीशेजारचं बारकोडचं स्टिकर स्कॅन केलं. मी त्याबद्दल विचारलं, आणि मग जे कळलं ते मला त्या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त आवडलं. याला गिफ्ट एड म्हणतात. वस्तू देणारा तिथे प्राप्तिकर भरत असेल तर तो एक फॉर्म भरतो आणि त्याच्या पिशवीतल्या प्रत्येक वस्तूवर त्याच्या क्रमांकाचं स्टिकर लागतं. मग विक्रीच्या दर पौंडामागे सरकार संस्थेला आणखी २५ पेन्स देतं. माझ्या सात पौंडांवर पावणेदोन पौंड वर. पण त्यासाठी एक अट असते, तुमच्या वस्तूंचे किती पैसे आले ते संस्थेने देणाऱ्याला पत्राने कळवायचं.

"म्हणजे हा स्वेटर देणाऱ्याला कळेल?" मी विचारलं.

"रक्कम कळेल," त्या म्हणाल्या. "कुणी घेतला ते नाही."

मी दहाची नोट दिली होती. परत आलेले तीन पौंड काउंटरवरच्या डब्यात टाकले.

आता घासाघिशीबद्दल बोलायलाच हवं. मी पुण्याच्या जुन्या बाजारात वाढले म्हटलं तरी चालेल. बुधवार आणि रविवार हे तिथले वार. बाबा मला मंगळवार पेठेत घेऊन जायचे आणि जमिनीवर पसरलेल्या कुलपं, पाने, पितळी नळ आणि घड्याळांच्या राशींमधून हवी ती वस्तू हुडकून काढायचे. तो दोनशे म्हणणार, बाबा साठ म्हणणार, मग उठून चार पावलं चालणार, मग मागून हाक येणार. ती बोलाचाली हाच तिथला आनंद, आणि मला तो आजही हवाहवासा वाटतो. पण कधीकधी घरी आल्यावर टोचायचं की त्या माणसाच्या दिवसाच्या कमाईतले वीस रुपये आपण उगाच ओढले. ऑक्सफर्डच्या दुकानांत तो काटाच नाही. मला स्वस्त मिळालं, देणाऱ्याचं कपाट मोकळं झालं आणि कुठल्यातरी मुलाच्या खाटेपाशी नर्स उभी राहिली. कुणाच्याच पदरचं गेलं नाही. तिथे भाव कमी करा म्हणणं मला सुचलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटला गेलो, १७ क्रमांकाच्या दुकानात. ऑक्सफॅम या मदतसंस्थेचं हे पहिलं कायमचं दुकान. १९४७-४८ च्या हिवाळ्यात ते उघडलं तेव्हा आपलं स्वातंत्र्य जेमतेम काही महिन्यांचं होतं, आणि ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग चालू होतं, ते १९४९ ला उठलं. संस्था त्याआधीची. ५ ऑक्टोबर १९४२ ला इथून पाच-सात मिनिटांवरच्या सेंट मेरी चर्चच्या जुन्या ग्रंथालयात काही मंडळी जमली. नाझींनी व्यापलेल्या ग्रीसमध्ये लोक उपाशी मरत होते, ब्रिटनच्याच नौदलाने नाकेबंदी केली होती, आणि या मंडळींचं म्हणणं होतं की शत्रूच्या ताब्यातल्या माणसांनाही अन्न पोचलं पाहिजे. युद्ध ऐन भरात असताना आपल्याच सरकारला हे सांगायला काय धैर्य लागलं असेल! पुढे मदतीसाठी इतके कपडे आणि वस्तू आल्या की त्या विकून पैसा उभा करावा असं ठरलं. सेसिल जॅक्सन-कोल या उद्योजकाचा यात मोठा वाटा. १९४९ मध्ये जो मिटी पगारावर आले आणि त्यांनी दुकान नावारूपाला आणलं.

दुकान लहानसं आहे. मी आत उभी राहून १९४३ च्या बंगालचा विचार करत होते. ग्रीससाठी माणसं जमली त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्याकडे लाखो माणसं अन्नावाचून गेली, याच ब्रिटनच्या राज्यात. ते विसरून मला तिथे फिरता येईना. मग हेही आठवलं की १९५१ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा याच संस्थेने मदत पाठवली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बाहेर येऊन रस्त्याच्या टोकाला गेलं की जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटच्या इमारतीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा सोनेरी हत्ती दिसतो. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत सँडविच खाल्लं.

तिसऱ्या दिवशी काहीच मिळालं नाही. हे लिहायलाच हवं, नाहीतर वाचून कुणालाही वाटेल की तिथे पावलोपावली खजिना आहे. पाच दुकानं, चार तास. एकदाच धुऊन आकार गेलेले टी-शर्ट आणि त्याच त्या गाजलेल्या कादंबऱ्यांच्या पाच-पाच प्रती. बहिणीची तक्रार अशी की हल्ली चांगल्या वस्तू आधीच वेगळ्या काढून इंटरनेटवर विकतात आणि दुकानातल्या किमतीही वाढल्यात. मला ती तक्रार पटत नाही. संस्थेला जास्त पैसे मिळत असतील तर मिळोत की.

चौथ्या दिवशी हेडिंग्टनला, एका हॉस्पिसच्या दुकानात, खालच्या फळीवर बरणी दिसली. तपकिरी, अंगावर केशरी फुलांची गोल नक्षी, वर लाकडी झाकण, आणि मधोमध इंग्रजीत 'टी'. बुडाशी हॉर्न्सीचा शिक्का. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरची ही पॉटरी, कारखाना २००० मध्ये बंद पडला. बहीण सांगत होती की सत्तरच्या दशकात इथल्या घराघरांतल्या ओट्यांवर या बरण्या असायच्या. मी माठ घेताना वाजवतात तशी ती डाव्या तळहातावर धरून बोटाच्या पेराने वाजवली. आवाज खणखणीत आला, कुठे बद्द नाही. म्हणजे तडा नाही. झाकणाखालची रबराची कडी मात्र कडक होऊन चिरली होती, म्हणून तीन पौंड. नाक आत घालून बघितलं तर इतक्या वर्षांनी लाकडाला चहापत्तीचा मंद वास होता. पुण्याला ती स्वेटरच्या घड्यांत गुंडाळून आणली. आज त्यात आसामचा चहा आहे.

विकलं न जाणाऱ्या कपड्यांचं काय होतं, असं मी तिथल्या एका बाईंना विचारलं. किलोवर चिंध्यांच्या व्यापाऱ्याला जातात, म्हणाल्या. तिथून पुढचा रस्ता मला ठाऊक होता. पाश्चात्त्य देशांतले असे कपडे जहाजाने कांडल्याला येतात, तिथे निवडले जातात, आणि लोकरीचे पुष्कळसे तुकडे करून पानिपतला पोचतात. आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं, पण जुने स्वेटर पिंजून त्याचं पुन्हा सूत काढणं आणि ब्लँकेटं विणणं हा त्या गावाचा मोठा धंदा. ही युक्ती निघाली यॉर्कशरमधल्या बॅटलीत, १८१३ मध्ये. ऐकताना मला आमची बोहारीण आठवली. दुपारच्या वेळी डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन यायची, ओट्यावर बसून एकेक साडी उजेडाकडे धरायची, विरलेली जागा बरोबर बोटाने दाखवायची, आणि चार साड्या नि दोन पँटींवर एक डबा द्यायची. आईची तिच्याशी होणारी हुज्जत अख्खा वाडा ऐकायचा. त्यातलाच एक डबा माझ्याकडे अजून आहे, आणि त्यात मी रवा ठेवते.

निघायच्या आदल्या रात्री बहिणीने कपाट उघडलं. "ताई, आपणही एक पिशवी देऊ." तिच्या मुलाचे आखूड झालेले कपडे निघाले, दोन पर्सेस, एक कोट. आणि तळाशी आईने तिला लग्नात दिलेलं एक इरकल, हिरवं, लाल रेशमी काठाचं, टोप पदराचं. तिथे नेसणं होत नाही. मी म्हटलं, "ते राहू दे." ती म्हणाली, "कपाटात कसर लागण्यापेक्षा कुणाच्या अंगावर तरी जाईल." ती हे शांतपणे म्हणाली, म्हणून मी पुढे बोलले नाही. रात्री दोघींनी मिळून ते इस्त्री केलं. काठ एका जागी सुटत होता तिथे मी टाका घातला.

सकाळी समरटाउनच्या त्याच दुकानात पिशवी दिली. बहिणीने फॉर्म भरला, बाईंनी तिच्या नावाच्या स्टिकरांची पट्टी फाडून पिशवीला लावली. त्यांनी इरकल उलगडून पाहिलं आणि हे किती लांब असतं, असं विचारलं. बहिणीने सांगितलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी त्याची पुन्हा घडी घातली, सावकाश, काठाला काठ जुळवत.

पत्र परवा आलं. बहिणीने फोटो पाठवला. तिच्या वस्तूंचे एकूण साडेअठ्ठावीस पौंड आले, त्यावर सरकारचे सात पौंड आणि काही पेन्स. कुठल्या वस्तूचे किती ते त्यात लिहिलेलं नसतं. आम्ही तासभर फोनवर हिशेब मांडत होतो. मुलाचे कपडे एक-दीड पौंडाचे धरले, पर्सेस तीन-तीनच्या, कोट आठचा असावा. बहीण म्हणते इरकलाचे दहा आले असतील. मी बाराच्या खाली यायला तयार नाही.