वाईला गेलो, वर गेलो नाही

दिवाळीच्या सुट्टीत वाईला मित्राकडे जातोय म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "मग पाचगणी-महाबळेश्वर होईलच!" आम्हीही तेच गृहीत धरलं होतं. पण पहिल्याच सकाळी चहा ओतता ओतता मित्राने निकाल देऊन टाकला. "वर जायचं नाही. निम्मं पुणं आत्ता पसरणीच्या घाटात उभं असेल." वहिनींनी लगेच पर्यायी कार्यक्रम सांगितला: मेणवली, जेवण, झोप, ढोल्या गणपती आणि जमलं तर धोम. सहलीच्या यादीत झोप अधिकृतपणे लिहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली. आमच्या घरच्या सहलींमध्ये ती गाडीत, मान वाकडी करून उरकायची असते.

निघता निघता दहा वाजले, पण कोणी कुरकुरलं नाही. मेणवली वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. रस्त्याकडेला हळदीची शेतं, चांगली कमरेएवढी वाढलेली. मित्राची आई, म्हणजे आमच्या काकू, पुढच्या सीटवर बसून कोणाचं शेत कोणाकडे गेलं ते सांगत होत्या.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. आत एकामागून एक चौक, जाड भिंती, त्यांवरची पुसट होत चाललेली चित्रं. पानिपतातून कसाबसा जीव वाचवून परतलेल्या आणि पुढे वर्षानुवर्षं पुण्याचा कारभार हाकलेल्या माणसाला नदीकाठची ही शांत जागा का हवीशी वाटली असेल, हे त्या ओसरीवर पाच मिनिटं बसलं की कळतं. आम्ही पाच मिनिटं म्हणून बसलो आणि बराच वेळ बसलो. हाच मित्राकडे जाण्याचा फायदा. हॉटेलात उतरलं की पैसे वसूल करायचे असतात, त्यामुळे माणूस बसत नाही.

वाड्यामागे कृष्णेचा घाट. दगडी पायऱ्या कमानीसारख्या वळत पाण्यात उतरतात. इथे बऱ्याच सिनेमांचं शूटिंग झालंय, त्यामुळे निम्मे लोक फोन हातात धरून सिनेमातली नेमकी पायरी शोधत होते. मला मात्र घंटा बघायची होती. काठावरच्या एका छोट्या देवळीत ती टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे आणि ही मेणवलीची. हिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. म्हणजे वसई पडली तेव्हा ही घंटा बत्तीस वर्षांची होती आणि तेवढ्यात तिने कितीतरी लग्नं आणि मयतं वाजवली असणार. माझी मुलगी म्हणाली, "पण ही चोरी नाही का?" मित्र इतिहासाचा मास्तर, त्याने युद्धातली लूट या विषयावर घसा खाकरला. त्याआधीच काकू बोलून गेल्या, "जिंकून आणलेली वस्तू घरात ठेवण्यापेक्षा देवाला दिलेली बरी." मुलीला हे पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटलं नाही, पण काकूंच्या घरी जेवायचं होतं.

जेवण भरपूर. झोप त्याहून भरपूर.

उठून चहा झाल्यावर मी हट्टाने सगळ्यांना विश्वकोशाच्या कार्यालयाकडे नेलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम वाईत बसून उभं केलं. त्याचे खंड आमच्या वाचनालयात काचेच्या कपाटात होते आणि शाळेत असताना किल्ली मागायची मला भीती वाटायची. सुट्टी असल्यामुळे कार्यालय अर्थातच बंद. मी फाटकाचा फोटो काढला. बायकोने फाटकाचा फोटो काढणाऱ्या माझा फोटो काढला आणि तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला.

ढोल्या गणपतीला गर्दी होती. रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेलं हे देऊळ, आत नावाला शोभेल अशी भरदार मूर्ती. दर्शन घेऊन लोक पुढच्या दारानेच परततात, पण मित्राने आम्हाला घाटावरून मागच्या बाजूला नेलं. बघण्यासारखं खरं तिथेच आहे. देवळाची मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती होत गेलेली आहे. पुराचं पाणी आलं की त्या टोकावर फुटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं, भिंतीला सरळ धडक बसत नाही. मी त्या दगडांवरून हात फिरवला. नदीच्या इतक्या जवळ देऊळ बांधायचं आणि वर तिला वाटही करून द्यायची, हा हिशेब मला फार आवडला. मित्र म्हणाला, "दरवर्षी मुलांना इथे आणतो. परीक्षेत विचारत नाहीत, तरी आणतो."

धोम राहिलंच. घाटावर भेळ खाण्यात संध्याकाळ गेली आणि कोणालाच उठावंसं वाटेना. धोमच्या देवळातला नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे आणि भोवती कमळाच्या आकाराचं कुंड. काकूंचं म्हणणं, तो आत्ता बघण्यात अर्थच नाही. "पावसाळ्यात या. कुंड भरलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असं वाटतं." वहिनींनी तिथल्या तिथे फोनमध्ये कॅलेंडर उघडलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "श्रावणातला कुठला शनिवार जमेल?"